खंडेनवमी ते कोजागिरी

तायडे, तुम्ही हयात असताना मी तुम्हांला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही. आपण जवळजवळ एकाच वयाचे. तरी मी तुम्हांला ‘तू’ म्हणायचं आणि तुम्ही मला ‘सेक्रेटरीसाहेब’, हे इतकी वर्षं चाललं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आज लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य जुन्याच सवयीने उतरलं. ते खोडून मी हे लिहिलं. उशिरा दिलेला मान हा मान देणाऱ्याच्याच समाधानासाठी असतो, हे मला कळतं. तरीही तो देतो.

तुम्ही गेल्याची बातमी मला हिवरखेडहून कापूस घेऊन आलेल्या एका गाडीवानाने दिली. मी जीनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी उभा होतो. तो बैल सोडता सोडता म्हणाला, “तायडे मिस्त्री गेले ना साहेब, परवा. आता आमच्या शिवारातले पंप कोन पाहीन?” त्याला वाटलं, मला ठाऊक असेल. मी मान हलवली आणि ऑफिसात येऊन बसलो. समोर वीजकंपनीला लिहायचा एक अर्ज अर्धवट पडला होता. गेली पंधरा-सोळा वर्षं मी एकच अर्ज लिहीत आलो आहे. तारीख बदलते, कधी सरकार बदलतं. आधी प्रती नागपूरला जात, मग मुंबईला जाऊ लागल्या. मागणी तीच: हंगामात वीज अखंड असावी, दाब पुरेसा असावा, दर परवडणारा असावा. त्या दिवशी मला त्यातलं पुढचं वाक्य सुचलं नाही.

हे पत्र छापून येणार आहे, म्हणून वाचकांसाठी एवढंच सांगतो. अकोल्याच्या जीन-प्रेसवाल्यांच्या संघाचा मी पगारी सेक्रेटरी, आणि तुम्ही संघाचे परवानाधारक वीज-सुपरवायझर. तेलाची इंजिनं काढून सगळ्यांनी विजेच्या मोटारी बसवल्या त्या वर्षापासून आपली जोडी जमली. मोटारी आल्या, पण वीज तिच्या मर्जीने येई. ऐन हंगामात, कापसाचे ढीग छताला लागलेले असताना दिवे लाल व्हायचे, पट्टे सुस्तावायचे आणि एकेक यंत्र दम टाकल्यासारखं थांबायचं. मग सरकीच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या बाया तिथेच भिंतीला टेकून बसत. त्या बसल्याची मजुरी मिळत नसे. त्यांत तुमच्या घरच्याही होत्या. एकदा मी म्हटलं होतं, “तुझी बायको तरी आज आराम करते आहे.” तुम्ही मीटरवरची नजर न काढता म्हणालात, “हव ना साहेब. घरी चूल बी आरामच करीन.”

संघाने तुमच्यावर काम सोपवलं ते नोंदींचं. लाकडी पेटीतला तो मोठा व्होल्टमीटर सायकलच्या कॅरिअरला बांधून तुम्ही एका जीनमधून दुसऱ्या जीनमध्ये जायचात. जुन्या शहरातून मोर्णा नदीच्या पुलावर आलात की कुणीतरी हटकून विचारायचं, “काय बुवा, पेटी कोनाच्या भजनाले?” तुम्ही सायकल न थांबवता सांगायचात, “विजेच्या. आज भलती बेसूर हाये.” ही गोष्ट सांगताना तुम्ही स्वतः कधी हसत नसायचात. हसायचं काम माझ्याकडे होतं.

आपला पहिला वाद तुमच्या वहीवरून झाला. डाव्या पानावर तुम्ही विजेचा दाब लिहीत होतात आणि उजव्या पानावर, कुणी सांगितलेलं नसताना, आपल्याच कारखान्यांचे दोष. कुठे पट्टा सैल, कुठे गरजेपेक्षा दुप्पट मोठी मोटार, कुठे यंत्रात कापूस नसताना तासभर रिकामी फिरणारी मोटार. मी अर्जाला डाव्या पानांची नक्कल जोडली. तुम्ही टेबलाशी उभे राहून ती चाळलीत.

“साहेब, उजवं पान कुठी गेलं?”

“ते आपल्याविरुद्ध जातं.”

“पन थे खरं आहे ना?”

“खरं असलं म्हणून आपणच कशाला सांगायचं? कंपनी काढेल शोधून.”

“म्हनूनच म्हनतो. आमचं इतकं चुकते, तुमचं इतकं चुकते, असं लेहा. मंग थो समोरचा कान देऊन वाचीन. तुमच्या अर्जात साहेब, सारे गुन्हेगार भाईरचे.”

मी तुम्हांला अर्ज लिहिण्यातलं काय कळतं, अशा अर्थाचं काही बोललो. तुम्ही वही बगलेत मारलीत. तो वाद तिथे मिटला नाही. फक्त तुम्ही तो माझ्याशी पुन्हा काढला नाहीत. इतक्या वर्षांत मला तुमच्या बाजूने एवढं मान्य करावंसं वाटतं की माझ्या एकाही अर्जाने कुणाचं मन वळवल्याचं मला आठवत नाही.

पुढे कंपनीनेच एक वाट काढली. जे कारखाने मोटारींना कंडेन्सर जोडतील आणि विजेचा अपव्यय कमी करतील त्यांना हंगामात आधी वीज मिळेल आणि दरात सवलत मिळेल. मात्र ठरलेल्या मुदतीत जोडणी पूर्ण हवी आणि तसा सुपरवायझरच्या सहीचा दाखला हवा. संघाच्या बैठकीत कंडेन्सर म्हणजे काय हे कुणालाच उमगेना. आमचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, “थो डबा करते काय ते त सांग आधी.” तुम्ही दाराशी उभे होतात. म्हणालात, “मोट फाटकी असली त बैल तेवढेच थकते, अन् थारोळ्यात पानी अर्धंच येते. हा डबा म्हनजे मोटेचं ठिगळ.” सगळ्यांना लगेच समजलं. ठराव पास झाला. मी तो इंग्रजीत लिहिला आणि त्यात मोटही नव्हती, ठिगळही नव्हतं, तुमचं नावही नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. त्या बैठका कधी माझ्या घरी होत. तुम्ही ओसरीवर बसायचात. तुमच्यासाठी एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. चहा झाला की तुम्ही ती स्वतः विसळून कोनाड्यात पालथी घालायचात आणि मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत असे. ते वाचण्यासारखं असे म्हणून नव्हे. तुम्ही नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आलात त्यानंतर पहिल्यांदा आलात तेव्हा चहाला नको म्हणालात. “सोडला का चहा?” मी विचारलं. “नाई. घरून पिऊन आलो.” त्यानंतर प्रत्येक वेळी तुम्ही घरून पिऊन येत होतात. मी काही विचारलं नाही. माणूस ज्याचं उत्तर जाणतो ते विचारत नाही.

कंडेन्सरची खोकी रेल्वेने आली ती अष्टमीला. तुम्ही दिवसभर खपून दादासाहेबांच्या जीनमधले डबे भिंतींवर पक्के केलेत. तारा जोडायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि मग कोजागिरीला हंगामाचा मुहूर्त होईपर्यंत त्यांना पाना लावत नाहीत. नवे डबेही पूजेत आले. त्यांच्यावर गंधाचे पट्टे ओढले गेले. आणि कंपनीची मुदत कोजागिरीच्या दोन दिवस आधी संपत होती.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन आलात. दादासाहेब कचेरीपुढे बाजेवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी होतो. त्या वेळचा एकेक शब्द मला पाठ आहे.

“दादासाहेब, मेन स्विच बंदच आहे. दोन घंट्याचं काम. जोडून देतो.”

“आज? पूजा झाली ना बाप्पा.”

“माळ न काढता जोडतो. फुलाले धक्का लागू देत नाई.”

दादासाहेब हसले. ते दुष्ट हसणं नव्हतं. त्यांचा स्वभावच प्रेमळ. “तायडे, वर्षभर तुयाच हातात असते ना मशीन? मी कधी काई म्हनतो? आता सहा दिवस देव बसला आहे तिच्यात. तुया हात नको. कोजागिरीले भटजी येतीन, नारळ फुटीन, मंग तू अन् तुयी मशीन.”

“मुदत जाते, दादासाहेब.”

“थे सेक्रेटरी पाहून घेईन.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, “दोन दिवसांनी काय फरक पडतो? कंपनीचा माणूस एवढ्यात येत नाही.” तुम्ही पिशवी उचललीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दादासाहेबांनी तुम्हांला आत बोलावलंच नाही. फाटकावरूनच निरोप दिला. बाकीच्या कारखान्यांतही अध्यक्षांकडे पाहूनच कामं चालत, म्हणून तिथेही डबे माळा घालून तसेच राहिले.

मुदतीच्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं: सर्व जोडण्या पूर्ण झाल्या आहेत, सुपरवायझरचा दाखला मागाहून पाठवत आहोत. दाखल्यावर सही करायला तुम्ही आदल्या दिवशी नकार दिला होता. “जोडल्यावर करतो. तुमी म्हनान तवा जोडतो.” इतकंच. मी स्वतःला समजावलं की कोजागिरीनंतर हे पत्र खरं होईल. लवकर लिहिलेलं खरं, असं मी त्याला मनात म्हटलं. हुशार माणसाला स्वतःची फसवणूक करायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

कंपनीचा निरीक्षक मात्र दुसऱ्याच दिवशी आला. त्याने डब्यांवरच्या माळा पाहिल्या आणि खाली लोंबणाऱ्या मोकळ्या तारा पाहिल्या. त्याच आठवड्यात अमरावतीला सवलतीची सुनावणी होती. सरकारी विश्रामगृहाच्या लांबट खोलीत अधिकारी बसले होते. दादासाहेब, मी आणि संघाचे दोघे पुढे खुर्च्यांवर. तुम्ही मागे भिंतीलगतच्या बाकावर.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “जोडणी झाली असं तुम्ही लेखी कळवलंत. ते कशाच्या आधारावर?”

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. खरं उत्तर दिलं असतं तर पूजा आली असती, पूजेनंतर कोणाचा हात चालत नाही हे आलं असतं, आणि ज्या माणसाच्या पगारावर माझं घर चालत होतं तो भर सभेत उघडा पडला असता. मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, “आमच्या सुपरवायझरांनी मला तोंडी सांगितलं होतं की काम पूर्ण झालं. त्यांच्या हातून हयगय झाली.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचा उल्लेख आदरार्थी केला, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

अधिकाऱ्यांनी तुम्हांला उभं केलं. “जोडणी झाली नव्हती, हे खरं का?”

“खरं आहे.”

“काही सांगायचं आहे?”

मी टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे पाहत होतो. मग तुम्ही म्हणालात, “लाइन बंद करू नका साहेब. दोन दिवसात जोडून देतो.”

दोष एका नोकराचा ठरल्यामुळे संघाला आठ दिवसांची सूट मिळाली. सवलत राहिली, आधी वीज मिळण्याचा हक्क राहिला. तुमचा परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित झाला आणि त्यावर हयगयीचा शेरा आला. तुमच्या जागी नागपूरचा एक सुपरवायझर येऊन जोडणी करून गेला, कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी.

अमरावतीहून परत येताना दादासाहेब मोटारीने गेले. तुम्ही आणि मी बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बसलो. तुम्ही फुटाणे घेतलेत आणि कागद माझ्यापुढे धरलात. मी दोन दाणे घेतले. शेवटी मीच विचारलं, “तू बोलला का नाहीस?”

“काय बोलू? पूजेचं सांगतलं असतं त थे म्हनले असते, साऱ्या कारखान्याची सवलत रद्द. मंग हंगामभर लाइन जाईन-येईन. बाया बसतीन.” तुम्ही फुटाण्याचं साल फुंकून उडवलंत. “तुमाले बोलाचं होतं साहेब. तुमी बोलले असते त वजन पडलं असतं. मायं काय.”

मी त्यावर “बघू, परवान्याचं मी पाहतो,” असं म्हणालो. मी काहीही पाहिलं नाही. अकोल्यात संघाने पेढे वाटले. त्या हंगामात वीज खरोखरच कमी वेळा गेली. तायडे, हे तुम्हांला सांगायला हवं होतं: त्या वर्षी बाया भिंतीला टेकून बसलेल्या मला क्वचितच दिसल्या. ते तुमच्या गप्प राहण्याने झालं, माझ्या अर्जांनी नव्हे. मी ते रोज पाहत होतो आणि रोज तुमच्यापासून लपत होतो.

सहा महिन्यांनी परवाना परत मागायचा अर्ज मी स्वतः लिहून तुमच्याकडे धाडला. तुम्ही तो सही न करताच परत पाठवलात. निरोप होता, ज्या कागदावर मी खोटा ठरलो थो कागद नवा कायले करू? मग तुम्ही हिवरखेडला निघून गेलात आणि शेतातली ऑइल इंजिनं, पुढे विजेचे पंप दुरुस्त करू लागलात.

मी तिथे एकदा आलो होतो, दोन वर्षांमागे. खरं सांगायला आलो होतो. तुम्ही विहिरीच्या काठावर पंपाचं झाकण उघडून बसला होतात. मला पाहून म्हणालात, “या सेक्रेटरीसाहेब. जरा हा नट धरा.” मी नट धरला. तासभर तुम्ही मला त्या गावच्या विजेची रड सांगितलीत. कोणत्या डीपीवर किती पंपांचा भार आहे, कोण आकडा टाकतं, तुम्ही स्वतः कोणाला काय समजावलंत. मी ऐकत राहिलो. निघताना मी म्हणालो, “तायडे, मला तुझ्याशी एक बोलायचं होतं.” तुम्ही हात पुसत थांबलात. अगदी नीट, माझ्याकडे तोंड करून थांबलात. आणि मी म्हणालो, “अकोल्याला आलास तर घरी ये.” तुम्ही हो म्हणालात. आपल्या दोघांनाही ठाऊक होतं की तुम्ही येणार नाही.

बातमी कळल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. वहिनी दारात बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी संघाचा सेक्रेटरी असल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “तुमीच काय ते. ते सांगत, अर्ज लेहावा त सेक्रेटरीसायबानंच.” मी तिथेच जमिनीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. दसऱ्याची सकाळ, माझं पत्र, अमरावतीची खोली. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“मले ठावं आहे,” त्या म्हणाल्या.

“त्यांनी सांगितलं?”

“त्याईनं नाई सांगतलं. आमी बाया तवा तिथंच हंगामाआधीची झाडझूड करत होतो ना. त्याईले फाटकावरून परत जाताना आमी पाह्यलं. तीनदा.” मग सूप बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “मले कायले सांगता आता? जिथं बोलले होते तिथं जाऊन सांगा.”

अमरावतीची ती सुनावणी केव्हाच संपली. ते अधिकारी निवृत्त झाले. म्हणून मी संघाच्या बैठकीत उभा राहिलो. दादासाहेब आता थकले आहेत, ऐकायला कमी येतं. मी सांगितलं की तायडे निर्दोष होते आणि दोष माझा व संघाचा होता, आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं. एक तरुण सभासद म्हणाला, “साहेब, गेलेल्या मान्साचं आता काय उकरून काढून राहिले? दुपारचा दाब कमी येऊन राह्यला, थे आधी घ्या.” दुसरा म्हणाला, संघाच्या नावाला बट्टा लागेल. दादासाहेबांनी शेजारच्याला विचारलं, “कोन गेलं म्हनते?” आणि पुढचा विषय सुरू झाला. इतिवृत्त लिहिणारा मीच होतो. पण अध्यक्षांच्या सहीवाचून त्यातली नोंद ग्राह्य नाही, आणि त्या पानावर सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. तो त्यांनी लगेच मंजूर केला. यात माझं शौर्य नाही. वर्षा-दोन वर्षांनी ते मला तसेही घरी बसवणार होते.

वहिनींनी सांगितलेली जागा आता उरलेली नाही. त्यातल्या त्यात हे पत्र जिथे छापून येईल तिथे तुम्हांला ओळखणारी माणसं आहेत. तारा ओढणारी, पंप बसवणारी, तुमच्या हाताखाली शिकलेली, आणि तुमच्या परवान्यावरचा शेरा ऐकून असलेली. तुमची क्षमा मी मागत नाही, कारण ती देण्याचा वा नाकारण्याचा तुमचा हक्क मी तुम्ही जिवंत असतानाच संपवला. तुम्ही विहिरीपाशी हात पुसत थांबला होतात तेव्हा जे बोलायचं होतं तेवढंच इथे नोंदवतो, माझ्या सहीने.

तुळशीराम तायडे त्या आठवड्यात जोडणीसाठी तीन वेळा आले. त्यांचा हात यंत्राला लागू नये म्हणून आम्ही त्यांना तिन्ही वेळा परत पाठवलं. काम पूर्ण झालं असं त्यांनी मला कधीही सांगितलं नव्हतं. ते मी अमरावतीला रचून सांगितलं.